बाटली क्रमांक १७ पत्नीस मिळण्याबाबत

प्रति,
मा. औषध-चाचणी अधिकारी,
अन्ननलिका-दाह कक्ष,
क्रो लेक ग्रामीण रुग्णालय, मिनेसोटा.

विषय : चाचणीतील उरलेली एक जागा माझी पत्नी सौ. आर्डिस टोलेफ्सन यांना देणेबाबत.

संदर्भ : आपले दि. ३ मार्चचे पत्र. (आम्हा पतिपत्नींची आठही आठवड्यांची उत्तरे एकसारखी असल्याने दोन औषधांची तुलना अशक्य, एका घरातील एकासच औषध पुढे चालू राहील.)

महोदया,

उपरोक्त पत्रान्वये सविनय सादर करतो की, आपण परगावच्या असल्याने आमच्या उत्तरांबाबत गैरसमज झाला आहे. ‘जळजळ किती?’ या रकान्यात आम्ही दोघांनीही दर वेळी ‘वाईट नाही’ असे लिहिले. आमच्या गावात दुसरे उत्तर नसते. माझ्या भावाचा पाय ट्रॅक्टरखाली आला तेव्हा तो रुग्णवाहिकेत हेच म्हणाला, आणि त्याला लॉटरी लागली तेव्हाही.

२. तिसऱ्या आठवड्यात माझी (बाटली क्र. १७) जळजळ थांबली. मी खारवलेला हेरिंग मासा खाल्ला. आर्डिस मात्र (बाटली क्र. १८) खुर्चीत चार उशा लावून बसल्या बसल्या झोपत होती. विचारले तर म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना काय रडगाणं सांगायचं? त्यांना आणखी माणसं बघायची असतात." सबब रविवारी ती चर्चमध्ये कॉफी मांडायला गेली असता मी दोन्ही बाटल्यांतील गोळ्यांची अदलाबदल केली. गोळ्या दिसायला सारख्याच आहेत, हे आपण जाणताच.

३. त्या आठवड्यात तिने दोनदा वाढून घेतले आणि माझा घसा पेटला. पुढच्या रविवारी मी दारातले बर्फ उपसत असता तिने गोळ्या परत फिरवल्या असाव्यात, कारण बुधवारपर्यंत मी बरा झालो व ती पुन्हा उशांवर गेली. मी पुन्हा बदलल्या. तिनेही. दर रविवारी ये रे माझ्या मागल्या. याबाबत आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललेलो नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात असली चर्चा बरी दिसत नाही.

४. अशा रीतीने दोन्ही औषधे दोन्ही पोटांत तपासली गेली असून तुलना आमच्या घरी पूर्ण झाली आहे. मुळात क्र. १७ मध्ये होते ते औषध चांगले. त्याचे नाव मला कळवू नये, नियम मोडेल. फक्त ते तिला द्यावे व बाटली कुलपात ठेवून किल्ली आपल्याकडे ठेवावी, म्हणजे ती गोळ्या मला देणार नाही.

५. याच टपालाने तिचाही अर्ज येईल. त्यात जागा मला द्यावी, असे असेल. तो कृपया फेटाळावा. तिने स्वतःच्या प्रकृतीपुढे ‘वाईट नाही’ लिहिले असेल, ते खरे धरू नये. तिला फार दुखते. मला तिच्या उशा दिसतात.

तक्रार केल्याबद्दल क्षमस्व. असे पुन्हा होणार नाही.

आपला संकोचित,
ऑर्विन टोलेफ्सन
एल्क प्रेअरी, दि. ९ मार्च

सोबत : १) दोन्ही बाटल्या. २) आर्डिसने भाजलेली लेफ्से-पोळी, सहा नग.

अर्जदाराची सद्यःस्थिती (रकाना भरणे आवश्यक) : वाईट नाही.