चौदा तारीख

परभणी, ९ जून १९४४ (इंग्रजी)

प्रिय रामलिंग,

आज शुक्रवार, कचेरीला सुटी. सकाळी पाणी भरलं, दोन धोतरं धुतली. दुपारी व्यंकटराव येऊन गेले. तू येवल्याहून बिऱ्हाड हलवून इथे कापडाचं दुकान टाकणार आहेस, हे त्यांच्याकडून कळलं. मला कळवलं नाहीस ते बरोबरच आहे. तुझ्या अक्काला, माझ्या उमाला, माती दिल्यापासून आपलं बोलणं नाही. तरी अकरा वर्षं इथे काढली आहेत, म्हणून चार गोष्टी लिहितो.

गाव शांत आहे असं तुला सगळे सांगतील. दुपारी बाजारात कुत्री आणि माश्या सोडून काही हलत नाही, त्याला हे लोक शांतता म्हणतात. स्टेशनकडे घर घेऊ नकोस. तिकडे कुजलेल्या सरकीचा वास भिंतींत मुरला आहे आणि आडाचं पाणी मचूळ आहे. चार घोट पोटात गेले की मळमळतं. मच्छरदाणी तिकडूनच आण, कोयनेलच्या गोळ्या घरात ठेव. हिवतापाला इथे कोणी आजार मानत नाही. "येतंय आन् जातंय," म्हणतात. उमाचा ताप गेला नाही, तरी शेजारच्या कडूबाई शेवटपर्यंत तेच म्हणत होत्या. कचेरीत अर्ज उर्दूत लागतो. लिहून देणारा पान थुंकत बसलेला असतो, आणि शिकलेली माणसं त्याच्यापुढे 'हुजूर, हुजूर' करतात. मीही करतो. किळस येते, पण करतो.

आणि तारखा सांभाळ. इथे दोन चालतात. सरकारी कागदावर इथल्या सरकारचे फसली महिने असतात, तीर, अमरदाद असे, आणि ती तारीख इंग्रजीच्या चार-पाच दिवस मागे असते. रेल्वे मात्र इंग्रजी तारखेने चालते. दुकानाचा माल मागवताना दरवेळी विचारून घे, कोणती तारीख? मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात तुझं कार्ड आलं. "चौदा तारखेला दुपारच्या गाडीने नांदेडहून परततो. अक्काला फलाटावर आणा, मी माहेरी घेऊन जातो." दिवसभर फसली तारखा लिहिणारा माणूस मी. चौदा म्हणजे तीरची चौदा, असं धरून बसलो. त्या दिवशी उमाला घेऊन स्टेशनवर गेलो. ताप उतरला होता, तिने नवं लुगडं नेसलं होतं. गाडी आली आणि गेली. आश्रुबा हमालाने कार्ड वाचायला लावलं आणि हसत सुटला. "कारकूनसाहेब, गाडी काय तुमच्या सरकारची हाय व्हय? चार दिस झाले, एक पाव्हणा डब्याच्या दारात उभा राहून लय हाका मारायलता. अक्का, अक्का!" उमा हसली नाही, रडलीही नाही. टांग्यात बसल्यावर म्हणाली, "लय मोठे कारकून तुमी. बायकोला बी दफ्तरात घातलं." मग म्हणाली, "रामलिंगला खरं काय ते लिहा. नायतर तो तुमाला वाईट समजंल."

मी लिहिलं, पण खरं लिहिलं नाही. तब्येत बरी नव्हती म्हणून पाठवली नाही, असं लिहिलं. लाज वाटली. दीड महिन्याने ती गेली. माती देऊन परतताना तू एकच बोललास, "दाजी, तब्येत बरी नव्हती म्हणूनच न्यायला आलो होतो." तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. तुझ्या आईला आजही वाटत असेल की जावयाने मुलीला अडवून ठेवलं.

दुकानासाठी तू गाडीतून उतरशील तेव्हा आश्रुबाच तुझी गाठोडी उचलेल. ही गोष्ट तो वर्षभर हरेक उतारूला सांगतो, 'सरकारी तारखेचे कारकूनसाहेब' म्हणून. लोक हसतात. त्यांची किळस करायचा मला हक्क नाही, कारण त्याची गोष्ट खरी आहे आणि माझं कार्ड खोटं होतं. ती तुला त्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. आईला वाचून दाखव. घर बघायला माझी गरज लागली तर सांग, नको असेन तर रस्त्यात ओळख देऊ नकोस, मी समजेन. दिवस कलला आहे. पीठ मळून ठेवलंय, आता तवा ठेवतो आणि भाकरी थापतो.

तुझाच,
सांबप्पा