थंडीतली जोडीदारीण

प्रिय उंटिणी,

तुझे ते लांबलचक पाय हल्ली रोज पहाटे कुणाच्या शेजारी पडतात, हे मला आता पाठ झालंय. दर फोनवर तुझ्या त्या दंतवैद्य शेजारणीचंच पुराण. ती अंधारात येऊन तुझं दार वाजवते, ती तुला स्वतःचे लोकरी हातमोजे देते, ती म्हणते थंडीत अंतर बेताबेतानंच वाढवायचं. का गं, शाळेच्या मैदानावर तुला पहिल्यांदा धावायला कुणी ओढून नेलं होतं? मी. शर्यतीत तू पहिली यायचीस आणि मी शेवटची, ती गोष्ट वेगळी. आणि आता दिवसभर लोकांच्या दाढा उपटणारी कुणी बाई तुझी जोडीदारीण!

तर ऐक, मीही धावतेय. तुला कळू दिलं नाही, कारण पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंतच माझा जीव घशाशी आला. परत आले तर आमच्या ह्यांनी पांघरुणातूनच विचारलं, "दूध आणलंस का?"

खरं सांगते, अंथरुणातून उठणं अगदी जिवावर येतं. खिडकीच्या काचा दवाने ओल्या, फरशी अशी गार की पाय टेकवताच किंचाळावं. लोक उठण्यासाठी काय काय युक्त्या करतात म्हणे. माझी एकच. डोळे मिटायचे आणि तुम्ही दोघी खिदळत चालल्या आहात असं बघायचं. अंगात अशी आग भडकते की स्वेटरसुद्धा नको वाटतो. बेकरीनंतर पेट्रोल पंप गाठला, मग पाण्याची टाकी, सगळं त्या बाईच्या नाकावर टिच्चून. दुकानात चष्म्याच्या काचा घासायला उभी राहते तेव्हा पोटऱ्या ठणकतात. मालक विचारतात, लंगडताय का? मी सांगते, जिन्यात पाय मुरगळला. मैत्रिणीच्या शेजारणीवर जळतेय असं कसं सांगणार?

तिचा एक सल्ला मात्र मी ढापला. धाप न लागता बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचं. पण मी बोलू कुणाशी? तुलाच शिव्या घालत धावते. परवा कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांनी ऐकलं आणि बिचारे पलीकडच्या फुटपाथवर गेले. टाकीपुढच्या चढावर मनात आलं, या दोघी एवढा वेळ बोलतात तरी काय? माझ्याशी तर तू हवा आणि हातमोजे यापलीकडे जात नाहीस. नवऱ्याचं विचारलं की "कामात आहे", आणि लगेच विषय बदलतेस.

काल दुकानात मला फोन आला. तीच दंतवैद्य. तुझ्या मोबाइलमधून गुपचूप नंबर घेतला म्हणाली. त्यासाठी तिच्यावर चिडू नकोस. म्हणाली, "तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय तिने. पण आज धावता धावता ती मध्येच खाली बसली, आणि तुमचं नाव घेऊन रडायला लागली." मग तिने सांगितलं की तुझा नवरा घर सोडून गेलाय, थंडी सुरू व्हायच्या आधीच. उंटिणी, मला आधी वाईट वाटायला हवं होतं ना? आधी वाटलं, हे हिला कळलं आणि मला नाही! मागच्या खोलीत जाऊन मी रडले, ती आधी त्या रागाने आणि मग तुझ्यासाठी. "मी लग्नाच्या वेळीच बजावलं होतं" असं मी म्हणेन, अशी भीती वाटली का तुला? नाही म्हणणार. शनिवारच्या गाडीने येतेय, त्यासाठीच हे पत्र. फोनवर तू "नको" म्हणाली असतीस. त्या बाईंना माझा नमस्कार सांग, आणि रविवारी खुशाल झोपा म्हणावं. रविवारी तुझ्या शेजारी मी धावणार. दम लागला तर चालत जाऊ. पण बोलायचं तू, आणि सगळं, अगदी पहिल्यापासून.

तुझीच,
जळकुकडी