‘थांबा’ की ‘उघडा’

९ नोव्हेंबर, शनिवार

ती. बाबांना नमस्कार,

मी बरी आहे. आईचा गुडघा कसा आहे? समुद्रातल्या तेलविहिरींवरच्या वीजकामाचं आमचं प्रशिक्षण संपत आलंय. मागच्या महिन्यात पाण्यात पडलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायला शिकवलं. तलावात खुर्चीसकट उलटं बुडवतात. नाकातोंडात पाणी गेलं, पण पास झाले.

विहिरीवर जाणाऱ्यांच्या यादीत माझं नाव पहिलं होतं. आईने सगळ्या बिल्डिंगला सांगितलंच असेल. आता ते नाव तिथे नाही.

आमच्या तुकडीत पन्नाशीला टेकलेले एक काका आहेत. कारखाना बंद पडला म्हणून नव्याने शिकायला आलेले. यंत्रांच्या आवाजात हयात गेली, त्यामुळे कानाने जरा कमी. सोमवारी आमची जोडी होती. मी मोटरीचा स्विच बंद करायचा, वीज उरली नाही ना हे मीटरने तपासायचं आणि मग ‘उघडा’ म्हणायचं, की काकांनी मोटरीचं झाकण उघडायचं. जेवायची वेळ झाली होती. मी मीटर खिशातून न काढताच ‘उघडा’ म्हणाले. बंद केला तो शेजारचा स्विच होता.

काकांचा तळहात भाजला.

सरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, स्विच चुकल्याचं माझ्या लक्षात आलं होतं, म्हणून मी ‘थांबा’ म्हणून ओरडले होते.

बाबा, काकांनी माझ्यावर विश्वास ठेवला. “मला ‘उघडा’ ऐकू आलं,” म्हणाले, आणि उलट माझीच माफी मागितली. बुधवारी त्यांना कानाच्या कारणावरून घरी पाठवलं. पट्टी बांधलेल्या हाताने ते बॅग उचलत होते आणि मी जिन्यात उभी राहून बघत होते. मदतीलाही पुढे झाले नाही.

काल सरांना सगळं सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून लिहून घेतलं. मला काढून टाकलंय. काकांना परत बोलावलंय. त्यांना फोन मात्र मीच केला. सगळं ऐकून ते हळूच म्हणाले, “म्हणजे मला नीटच ऐकू आलं होतं.”

रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी घरी येतेय. आईला तुम्ही काही सांगू नका, मीच सांगेन. तुम्ही मला जवळ घ्याल, हे मला ठाऊक आहे. त्याचीच जास्त लाज वाटते.

तुमची,
थोरली