शोभेचं काय करायचंय?

आई, तुला एक विचारायचंय आणि विचारायला फार उशीर झालाय, हे मला कळतं. तुला झाडं आवडायची का गं? म्हणजे खरंच, मनापासून? धाकट्याला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, मला आईच्या हातचं पिठलं आठवतं. झाडांचं काय विचारतेस?" म्हणजे तोही माझ्यासारखाच कोरा. बाबा होते तेव्हा त्यांना विचारायचं सुचलं नाही. आणि आता या एका प्रश्नावरून मी इथं न्यू जर्सीत पुरती घोटाळ्यात सापडले आहे.

आमच्या घरापासून जवळच एक जुना बंगला आहे, जुन्या काळच्या कुठल्याशा गिरणीमालकाचा. आता तो बघायला लोक येतात. त्याची बाग होती तशी राखायची म्हणून दर शनिवारी आम्ही काही हौशी मंडळी तिथं खुरपी घेऊन जमतो. बागेला सगळे व्हिक्टोरियन म्हणतात. राणी व्हिक्टोरिया पलीकडची, इंग्लंडची. त्या इंग्लंडचं राज्य झुगारून यांना तेव्हाच शंभर वर्षं होत आलेली, तरी बाग तिच्याच नावाची. असो. आमच्या गटाची प्रमुख एक निवृत्त शिक्षिका आहे. पहिल्या दिवशी तिनं मला बंगल्याच्या पायऱ्यांसमोरचा मोठा गोल वाफा दाखवला. त्या काळच्या शौकीन लोकांना उष्ण देशातल्या झाडांचं वेड होतं म्हणे. हिवाळाभर ती काचघरात शेगडीच्या उबेत जपायची आणि उन्हाळ्यात दारापुढं मांडायची, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत. मी वाकून बघते, तर मधोमध एरंड. त्याच्याभोवती कर्दळ. मग अळू, आणि कडेनं लाल माठाची झालर. आई, मला हसूच आवरेना. बाबांच्या कारखान्याच्या क्वार्टर्समागं न्हाणीचं पाणी जिथं जायचं, तिथला तुझा सगळा संसार या लोकांनी उचलून पुढच्या दारी आणून ठेवला होता.

तुझं पुढचं दार वेगळं होतं. पुढं तुळस, जास्वंद आणि झाडून लखलखीत केलेलं अंगण. अळू-माठाची जागा मागं, साबणाच्या पाण्यात. एरंडाचं पान तव्यावर गरम करून आजीच्या गुडघ्याला बांधायचं, कर्दळीच्या पानावर सत्यनारायणाचा प्रसाद द्यायचा. कामाशिवाय एक काडी तू उगवू दिली नाहीस. मी हे सगळं त्या शिक्षिकेला सांगितलं, तर तिनं छातीवर हात ठेवला. "युअर मदर मस्ट हॅव लव्ह्ड प्लांट्स!" मी हो म्हणून मोकळी झाले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

गेल्या वर्षी थंडी पडायच्या आधी तो वाफा उपटला. इथं ती झाडं हिमात टिकत नाहीत. एवढाली अळूची पानं खताच्या ढिगावर जाताना माझा जीव खालीवर व्हायला लागला. इथल्या ओक ट्री रोडवरच्या आपल्या देशी दुकानात कधी अळू मिळतं, तेही बिचारं माना टाकलेलं. मी पिशवीभर पानं घरी आणली आणि चिंचगूळ घालून वड्या केल्या. पहिला घास घेतला आणि माझी लेक ओरडली, "मॉम, माय थ्रोट इज सो इची!" नवऱ्यानं तोवर चार खाल्ल्या होत्या. तो नागपूरचा, उगीच शूर. डोळ्यांतून पाणी गाळत म्हणाला, "अगं, ते शोचं अळू आहे यार! ते बघायचं असतं, खायचं नसतं." रात्रभर आम्ही तिघं ताक पीत बसलो.

त्या ताकाच्या पेल्यासमोर मला एकदम तो डालड्याचा डबा आठवला. मी सहावी-सातवीत असेन. कारखान्याच्या डॉक्टरांच्या बंगल्यातून मी लाल ठिपक्यांचं शोभेचं अळू मागून आणलं होतं. डब्यात लावलं, डबा न्हाणीमागं तुझ्या अळूशेजारी ठेवला आणि रोज शाळेतून आल्यावर आधी त्याच्याकडं धावायचे. एक दिवस येऊन बघते, तर तू ते उपटून कुंपणापलीकडं फेकतेस. हात चिखलानं भरलेले, पदर खोचलेला. "शोभेचं काय करायचंय? शोभा बघून पोट भरतं का?" तू एवढंच म्हणतेस आणि डबा धुवायला घेतेस. मी किती दिवस तुझ्याशी बोलले नाही! माझ्या आईला सुंदर काही कळतच नाही, असं मी तेव्हा ठरवून टाकलं, आणि ते ठरवलेलं बरोबर घेऊन अमेरिकेपर्यंत आले.

आता वाटतं, धाकटा तेव्हा रांगत होता. दिसेल ते तोंडात घालायचा. घाईत भाजीसाठी पानं खुडताना ते एखादं तुझ्याही हाती आलं असतं. म्हणून उपटलंस का? मग तसं सांगायचं होतंस की गं, मी काही कुकुलं बाळ नव्हते. की तसं काहीच नव्हतं, त्या दिवशी तू नुसतीच वैतागली होतीस? की डॉक्टरीणबाईंकडून काही मागून आणलेलं तुला खपलं नाही? माझं मन रोज वेगळं उत्तर देतं आणि रोज ते मला पटतं. दुसऱ्या दिवशी पटत नाही.

हे असं चाललेलं असताना जूनमध्ये त्या शिक्षिकेनं मला पाहुण्यांसमोर उभं केलं. "पाच मिनिटं आईच्या बागेबद्दल बोल." मी न्हाणीचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं, वड्यांचंही सांगितलं. लोक खूप हसले. मग काठी घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "आईचं आवडतं फूल कोणतं होतं?" साधा प्रश्न. आणि आई, माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. तुझ्या आवडीची भाकरी सांगता आली असती, साडी सांगता आली असती. माणसं वाट बघत होती. मी म्हणाले, "तेरडा." गौरीला तू तेरड्याची रोपं मुळासकट आणून तांब्यात ठेवायचीस, तेवढंच त्या क्षणी हाताशी लागलं. पण ती गौर होती, तुझी आवड होती कुठं? तिथं भक्ती होती, रीत होती, आणि पुरणाचा घाट एकटीनं उरकायची तुझी घाई होती.

झालं! शिक्षिका आनंदानं वेडी झाली. त्या काळी तेरड्याचंही वेड होतं म्हणे. गुलाबासारखी भरगच्च फुलं यावीत म्हणून माणसं जिवाचं रान करायची. पुढच्या शनिवारी ती रोपं घेऊनच आली. आता वाफ्याच्या कडेला तेरड्याची रांग आहे आणि तिथं एक छोटी पाटी आहे: एका माळीण आईच्या आठवणीत, तिचं लाडकं फूल. आपल्याकडं तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण इथला मेला महिना झाला तरी फुलतोच आहे. खरं सांगून टाकावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिनं मला मिठी मारली.

काल मी पाणी घालत होते, तर एका बाईंनी पाटी वाचून विचारलं, आई या फुलांचं काय करायची? मी म्हणाले, गौरीच्या दिवशी सगळी कामं आटोपली, की एक फूल स्वतःच्या केसांत खोचायची आणि आरशात बघून हसायची. शपथ सांगते, आधी ठरवलं नव्हतं. आपल्याकडं तेरडा कुणी माळतं का? पण बोलता बोलता तू मला दिसलीस. मोरीजवळच्या त्या फुटक्या आरशासमोर मान वाकडी करून उभी होतीस. आणि मी तिथंच नळी हातात धरून रडले.

हे पत्र मी तुझ्या फोटोपुढंही ठेवणार नाही. ठेवलं तर तू वाचशील आणि म्हणशील, काहीतरीच काय गं, मला कुठं आवडायचा तेरडा! आज सकाळपासून मी तुला जशी होतीस तशी आठवायला बघतेय. दर वेळी तू फूल माळूनच समोर येतेस. ते तुझ्या केसांतून काढता येत नाही, आणि खरं सांगू, मला काढायचंही नाही.