बाईंच्या नावाआधीचा शब्द

बाई, तुम्हाला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल क्षमा असावी. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते. आता नोकरी करते आणि ऑफिसात सगळे मला मॅडम म्हणतात. आई गेल्यापासून मला नावाने हाक मारणारे बोरिवलीत कुणी उरलेले नाही.

एक संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे: शाळा सुटल्यावर गोराईला तुमच्या स्वयंपाकघरात मी पाटावर बसले आहे. तुम्ही बोंबील साफ करता आहात आणि मी विचारते, चर्चमधल्या एका जुन्या कबरीवर बाईच्या नावाआधी ‘दोना’ असे का कोरले आहे? हात न थांबवता तुम्ही सांगता, की तो पोर्तुगीजांचा मानाचा शब्द. पुरुषाला दों, बाईला दोना. स्पेनमध्ये पुरुषाला ‘दोन’, बाईला ‘दोन्या’. मूळ लॅटिन, अर्थ घरचा धनी, घरची मालकीण. आधी तो राजेराण्यांचा, सरदारांचा, बिशपांचा होता. बायकांच्या बाबतीत पुढे साध्या घरांतही उतरला. “आणि तो नावाआधी लावतात, नुसत्या आडनावाआधी नाही. मान द्यायचा तर माणसाचं नाव माहीत हवं.” “मग तुम्हीही दोना,” मी पुटपुटते. तुम्ही हसता. “मी भावाच्या मागच्या खोलीत राहते गं. मालकीण कसली?”

गेल्या रविवारी तुमच्या भाच्याने बोलावले होते. चर्चच्या आवारात जागा अपुरी, म्हणून तुमची कबर दुसऱ्या कुणासाठी रिकामी करायची आहे. तुमच्या अस्थी आता भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतील आणि वर एक छोटी संगमरवरी पाटी लावतील. तिच्यावरचा मजकूर मी लिहावा, असे त्याचे म्हणणे. मी ‘दोना’ लिहिले आणि थांबले. पुढे लिहायला तुमचे नावच मला ठाऊक नव्हते. शाळेत आम्ही आडनाव घेऊन पुढे बाई म्हणत असू, तेवढेच. त्याने नाव सांगितले, मग कागद पाहून म्हणाला, “दोना कशाला? आत्या मास्तरीण होती, राणी नाय. लोक हसतील ना.”

“हसू देत,” मी म्हटले. “त्यांचं स्वतःचं असं हे पहिलंच घर आहे.”

त्याने पाटीचे माप कागदावर पुन्हा लावून पाहिले. “बरं. पण अक्षरं मोठी काढायला सांग. मला चष्म्याशिवाय दिसत नाय.”

हे पत्र त्या कोनाड्यात ठेवायचे मनात होते. ठेवणार नाही. तुमचे नाव मी घरी एकटी असताना मोठ्याने म्हणून पाहिले, दोनदा. इथे, पत्राच्या सुरुवातीला ‘बाई’च्या जागी, ते लिहिण्याचा मात्र धीर झाला नाही.