चार मिनिटे बंद पडलेला पंप

मी, त्र्यंबक नारायण मोहरील, वय त्रेसष्ट, सेवानिवृत्त वनपाल, राहणार बालाघाट, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. उजवा हात गेला आहे, जीभ जड आहे. डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

घाई यासाठी, की दोन वर्षांपासून माझे हृदय छातीत बसवलेल्या पंपावर चालते. नागपूरच्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावले होते: पंपात गुठळी झाली तर ती मेंदूत जाऊन लकवा मारेल, ती होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायचे, तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. एक झटका येऊन गेला. दुसरा विचारून येणार नाही.

१. माझे स्वकष्टाचे घर सून श्रुतिकाला. मुलगा केदार यास काहीही नाही. कारण लिहितो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, बैहरला माहेरी फोन केला म्हणून, केदारने तिचे डोके चौकटीवर आपटले. पुन्हा आपटले. मी मध्ये पडलो. तो ओरडला, "आईले मारत होते तवा कोण आलतं मधी?" आणि माझ्या पोटातून निघालेली पंपाची वायर कमरेच्या यंत्रातून उपटली. यंत्र किंचाळू लागले. मी कोसळलो. कपाळावरचे रक्त डोळ्यांत ओघळत असताना श्रुतिकाने चाचपडत वायर जोडली. तोवर चार मिनिटे गेली होती. तिसऱ्या दिवशी लकवा.

२. केदार खोटे बोलला नाही. पत्नी प्रेमलता हिला मी बावीस वर्षे पट्ट्याने मारले. तिची बरगडी मोडली आणि दवाखान्यात 'न्हाणीत पडली' म्हणून सांगितले. ती आता नाही. तिचे दागिने मी कुलपात ठेवत असे, तेही श्रुतिकाला. घालावे की मोडावे, तिने ठरवावे.

३. दुसऱ्या झटक्याने शुद्ध कायमची गेली, तर पंप नुसता देह चालवत राहील. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर तो बंद करण्याचा निर्णय श्रुतिकाचा. केदारला त्या खोलीत येऊ देऊ नये.

४. काल इथवर वाचून दाखवले तेव्हा श्रुतिका म्हणाली, "बाबा, घर तर देऊन राह्यले. पण पोलिसायले तुम्हीच सांगतलं, वायर खाटेत अटकून निघाली. तो मले अजून बी रस्त्यात गाठते. हा कागद तुम्ही गेल्यावर कामाचा. तवापर्यंत मी काय करू?"

आज सकाळी ठाण्यात जाऊन खरा जबाब दिला. जमादाराने विचारले, "अपने बेटे के खिलाफ?"

मी म्हटले, "हौ. लिहा."

बालाघाट, दि. ११ फेब्रुवारी २०२५
त्र्यंबक नारायण मोहरील (डाव्या अंगठ्याची निशाणी)

आमच्यासमक्ष निशाणी केली:
१. मोतीलाल टेंभरे, शेजारी
२. मयुरी देशकर, वकील; मजकूर यांनीच लिहून घेतला