दोन्ही डाव्याच हाताचे

ल्वूव,
६ डिसेंबर १९३७, संध्याकाळ

प्रिय विटेक,

तुझा ताप उतरला असेल अशी आशा करते. आई आज सकाळच्या गाडीने साम्बोरच्या घरून आली, आता माझ्या पलंगावर घोरते आहे. म्हणाली, तू जेवत नाहीस, बिटाचं सूप तसंच ठेवून उठतोस. तुझ्यासाठी केलेला खसखशीचा केक तू शिवलासुद्धा नाहीस, म्हणून अर्धा माझ्या वाट्याला आला. छान झाला आहे. माझ्या खोलीची शेगडी धुमसते, घरमालकीण कोळशावरून रोज तोंड सोडते. एकूण चाललं आहे आपलं.

विद्यापीठातले माझे तास सध्या बंद आहेत. गुरुवारी दहा वाजता चौकशी आहे आणि साक्षीला मी एकटीच आहे, हे तुझ्या मित्रांनी कळवलं असेलच.

डाव्या बाकांचा नियम मी तुला काय समजावू? तुमच्याच विद्यार्थी संघटनेने त्यासाठी घसे कोरडे केले होते. ज्यू मुलांनी फक्त डावीकडे बसायचं, त्यांच्या ओळखपत्रावर तसा शिक्का. तेव्हापासून ती मुलं बसतच नाहीत, पूर्ण तास मागे उभी राहतात. म्हणून मीही खुर्ची काढून टाकली आहे. पाय दुखतात, पण ते माझे आहेत.

त्या मंगळवारी मी मुलांना विरोधाभासांचा इतिहास सांगत होते. लहानपणी तुला सांगितला होता, आठवतं? तू डोकं धरून बसला होतास. सगळ्या संचांचे दोन गट करा. काही संच स्वतःलाच स्वतःत मोजतात, काही मोजत नाहीत. आता न मोजणाऱ्या सगळ्यांचा मिळून जो संच होतो, तो कुठल्या गटात? इकडे टाकला तर तिकडे जातो, तिकडे टाकला तर इकडे येतो. पस्तीस वर्षांपूर्वी एका तरुण इंग्रजाने ही शंका एका जर्मन प्राध्यापकाला कळवली. त्या बिचाऱ्याने सगळं गणित याच पायावर उभारलं होतं, आणि ग्रंथाचा दुसरा खंड छापखान्यात होता.

तेवढ्यात मागून गेनियाने हात वर केला. गेनिया रोझमारीन, माझी सगळ्यात हुशार आणि सगळ्यात आगाऊ विद्यार्थिनी. "बाई, एक शंका. आपल्याकडे नियम असा, की ज्यांना आपली जागा स्वतः निवडता येत नाही, त्यांनी डावीकडे बसायचं. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं. पुढे काय येणार हे मला कळलं होतं, तरी थांबवलं नाही.

"मग उद्या मी आपल्या मर्जीने डावीकडे बसले, तर मी जागा निवडणारी झाले. म्हणजे मला उजवीकडे बसायला हवं. पण उजवीकडे मला बसू देत नाहीत, म्हणजे मी निवडणारी नाहीच. तर परत डावीकडे! रेक्टरसाहेबांना म्हणावं, एक बाक दारात टाका, येता-जाता बसेन."

वर्ग खदखदून हसला. उजवीकडचेसुद्धा दोघं-तिघं हसले. मागच्या रांगेत कुणीतरी बूट आपटले आणि चारपाच जण उठून बाहेर गेले. मी फळ्याकडे वळले.

तास सुटल्यावर जिन्यावर ते थांबले होते. पाचसहा जण, नाकापर्यंत मफलर, हातात काठ्या. मी वरच्या पायरीवर होते, गेनिया खाली. मी ओरडले, पण माझं ओरडणं कोण ऐकणार! काठीच्या टोकाला दाढीचं पातं बसवलेलं होतं. गेनियाच्या डाव्या डोळ्याची नजर गेली असं डॉक्टर म्हणतात. काल तिला भेटायला गेले तर मला म्हणाली, "बाई, नियम पाळला. डावाच दिला." मी हसले, आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले.

चेहरा कुणाचाच दिसला नाही. डीननी विचारलं तेव्हा हेच सांगितलं, आणि ते खरं आहे. त्यांनी चेहऱ्याबद्दलच विचारलं होतं.

आता हातमोज्यांचं सांगते. आज सेंट निकोलसचा दिवस, म्हणून आईने भेट आणली. लाल लोकरीचे, चार बोटं एकत्र घालायचे, पाठीवर पांढरं हरीण. घालून बघते तर दोन्ही डाव्याच हाताचे! उजव्या हातात घातला की हरीण तळहातावर येतं. अगदी तुझ्यासारखे. तुझे विणले तेव्हा तिला दिसत नव्हतं, चष्मा फुटला होता. तू हिवाळाभर सांगत फिरायचास, "मला दोन डावे हात आहेत, मला कामं सांगू नका." आणि उसवायला दिले नाहीस. मी तुला तेव्हा म्हटलं होतं, बुटांच्या ढिगातून प्रत्येक जोडीतला डावा काढा म्हणता येतं, पण तुझ्या हातमोज्यांच्या जोडीतून एक निवडायचा तर नियमच सापडायचा नाही.

आता आईच्या नाकावर नवा चष्मा आहे, विटेक. सुई ओवायला कुणाची मदत लागत नाही. तरी तिने दोन्ही डावेच विणले. मी कारण विचारलं तर लोकरीचा गुंडा पिशवीत कोंबत म्हणाली, "असे आणखी दोन जोड करते आहे, तुझ्या मावसभावांना. घरात सगळ्यांचे सारखे असू देत. मग कुणाचे कुठले, कोण ओळखणार?"

मी तिला जिन्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. म्हणजे ते तूच सांगितलंस तिला.

गेनिया पडली तेव्हा बाकीचे पळाले. एकाने हातातली काठी टाकली, दोन पायऱ्या खाली आला आणि तिला उठवायला उजवा हात पुढे केला. पंजा उघडला. तळहातावर हरीण होतं.

मग त्याने वर माझ्याकडे पाहिलं आणि तोही पळाला.

तू वाकला नसतास तर मला कधीच कळलं नसतं. दगडासारखा निघून गेला असतास तर सुटला असतास. तुझ्यात जे चांगलं उरलं आहे त्यानेच तुला पकडून दिलं. याच्याइतका दुष्ट विरोधाभास मी आजवर शिकवलेला नाही. सात रात्री मी याच्याशी झगडते आहे. मला तुझा राग येतो, किळस येते, आणि तुला ताप आहे म्हटल्यावर पोटात तुटतं. हे सगळं एकाच वेळी खरं आहे. पुस्तकात असं चालत नाही.

त्या जर्मन प्राध्यापकाचं पुढे काय झालं, ते वर्गात सांगायचं राहिलं. त्याने ती शंका दडवली नाही. दुसऱ्या कुणी बोट दाखवायच्या आत आपल्याच ग्रंथाच्या शेवटी स्वतः लिहून टाकलं, की माझा पाया ढासळला आहे. त्याचं गणित तगलं नाही, पण त्याचं नाव घेताना आम्ही आजही मान झुकवतो.

डीनची कचेरी नऊला उघडते. मी दहाला आत जाईन. मधला तास तुझा आहे. आलास तर मी दाराबाहेर असेन, आणि पुढे जे होईल त्यात तुझ्या बाजूला उभी राहीन.

नाही आलास तर आईने दिलेली ही भेट मी टेबलावर ठेवेन आणि म्हणेन, असा पहिला जोड माझ्या भावाचा आहे.

हे पत्र उद्या आईच्याच हाती देते. लिफाफा चिकटवला आहे, पण ती गाडीत उघडणारच. आई, वाचत असशील तर राहिलेले जोड विणू नकोस. त्या मुलीलाही आई आहे. ती रोज खाटेशी बसून असते, तिच्या हातात कसलंही विणकाम नसतं.

विटेक, येताना कोट घाल, थंडी फार आहे. आणि तुझे हातमोजे घालून ये.

त्या मंगळवारीही तुझीच होते आणि शुक्रवारीही असेन ती, गुरुवारी दहापर्यंत तुझी वाट पाहणारी,

तुझी बहीण
स्तेफा